जर्मनीकडची मंडळी

माझ्या वाट्याला जर्मनी आला तो चिठ्ठीनं, आणि आला तसा मी सगळ्या वर्गादेखत तो परत डब्यात टाकला. सन्याल सरांनी ती चिठ्ठी उचलली, नीट घडी केली आणि पुन्हा माझ्या हातात ठेवली. "जो हारा, वो चिट्ठी नहीं बदल सकता," एवढंच म्हणाले. ते आम्हाला इतिहास शिकवायचे, बंगाली वळणाच्या हिंदीत. पहिल्या महायुद्धाचं प्रकरण पुस्तकातून घोकून घ्यायचं त्यांनी त्या वर्षी साफ नाकारलं होतं. युद्ध संपलंय, जिंकलेले देश पॅरिसला जमलेत आणि तह लिहायचाय. हा तह आपण वर्गात करायचा, शनिवारचे शेवटचे दोन तास, असं त्यांनी जाहीर केलं. आज माझी नात शाळेतल्या असल्या लुटुपुटीच्या परिषदांना निळा कोट घालून जाते, तिथं त्यांना छातीवर लावायला बिल्ले देतात, दुपारचं जेवण देतात. आम्हाला डालड्याच्या डब्यातल्या चिठ्ठ्या मिळाल्या.

फ्रान्स हरबंसकडे गेला. त्याचे वडील दुर्गजवळच्या नव्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे आणि क्रेनवरून खाली ओरडायचा त्यांचा आवाज पोरानं जसाच्या तसा उचलला होता. जर्मनीत आम्ही दोघी, मी आणि कुम्हारीकडून बसनं येणारी माझी मैत्रीण ईश्वरी. वर्गात दोघींनाही कोणी बोलू देत नसे ते बरंच झालं, कारण सरांनी नियम सांगितला तो असा: अटी ठरेपर्यंत जर्मनीनं आत यायचं नाही. खरोखरच्या तहात असंच झालं होतं म्हणे. म्हणून दोन शनिवार आम्ही दोघी व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ, जमिनीवर बसून काढले. आत आमचा कोळसा वाटला जात होता, आमची जहाजं चालली होती, मधूनच सगळे खदाखदा हसत होते. खिडकीतून डोकावले तर सरांनी येऊन खिडकी लावून घेतली. ईश्वरी बोरं खात बसली. मला मात्र अशी चीड आली की पुढच्या बोराची बीसुद्धा मी कडाकडा चावली.

घरी हे कोणाला सांगायची सोय नव्हती. आमचं क्वार्टर सेक्टर दोनमध्ये, दोन खोल्या, मागे एवढंसं अंगण, त्यात मायनं लावलेली अंबाडी. कारखाना अजून उभाच राहत होता. दिवसभर कुठं तरी लोखंडावर घण पडत असायचा, आणि तो थांबला की आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. भोंग्यावर घर चालायचं. पहिल्या भोंग्याला मायची चूल पेटायची, दुसऱ्याला बाबा सायकल बाहेर काढायचे. बाबा फिटर होते. भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून ते इकडे आले होते. घरी आले की आधी घासलेटानं आणि मग राखेनं हात धुवायचे, तरी जेवताना भाकरीच्या कडेला काळं बोट उमटायचंच. माय म्हणायची, "राहू दे, लोखंड पोटात गेलं तर ताकद येते." लाखोळीची डाळ, तांदळाची भाकर, अंबाडीची भाजी, पाहुणे आले की बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, तोही असा झणझणीत की बाबांच्या टकलावर घाम यायचा. बाबा फार कमी बोलायचे. फोरमन काही म्हणो, शेजारी काही म्हणो, ते "बरं" म्हणत. मला त्याचा राग यायचा. आता कळतं की चार पोटं घेऊन परमुलखात आलेल्या माणसाला "बरं" हा शब्द फार उपयोगी पडतो. तेव्हा कळत नव्हतं.

चौथी म्हणजे ताई. विमल तिचं नाव. ती सेक्टरमधल्या प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायला लागली त्याला वर्ष होत आलं होतं. तिच्या वर्गात पाच-सहा भाषांची पोरं होती आणि निम्म्यांना हिंदी येत नव्हतं. ताई दर संध्याकाळी खाटेवर पुठ्ठ्याची अक्षरं कापत बसायची, चिंचोके धुऊन रंगवायची, मोजायला. कोणत्या पोरानं आज पहिल्यांदा तोंड उघडलं हे ती मायला भाकरी थापताना सांगायची आणि सांगता सांगता स्वतःच रडायची. तिला ती नोकरी जिवापाड प्रिय होती. तिच्याइतकं आनंदात मी तोवर कोणाला बघितलं नव्हतं, हे सरळच लिहिते.

त्याच दिवसांत तिचं लग्न जमत आलं होतं. मुलगा प्रभाकर, दुर्ग स्टेशनवर बुकिंगमध्ये. मुलगी बघून झाली होती, पसंती आली होती, याद्या व्हायच्या होत्या. आमच्याकडे याद्या म्हणजे दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात आणि लग्नाचं सगळं कागदावर घेतात: वऱ्हाड किती, जेवणात काय, मानाची टोपी कोणाला, लग्न कोणाच्या दारी. कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, खाली दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. कागद लिहायला सुवाच्य अक्षराचं माणूस लागतं, आणि आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत ते अक्षर माझं होतं. तीन घरच्या याद्या मी लिहिल्या होत्या, तिन्ही मुलीकडून. पोरीच्या जातीनं असल्या बैठकीत बसायचं नसतं, पण लिहिणारीला माणूस म्हणून कोणी मोजत नव्हतं. बाबांना त्याचा अभिमान होता. कोणी आलं की म्हणायचे, "लिहाचं असन तर आमची शकू हाये."

तर तिसऱ्या शनिवारी जर्मनीला आत बोलावलं. हरबंसनं उभं राहून चार पानी तह माझ्या हातात दिला आणि सर म्हणाले, बोलायचं नाही, जे म्हणायचं ते आठ दिवसांत लेखी. मी घरी आले, काय लिहितेस म्हणून ताईनं विचारलं तेव्हा बाबांसमोरच तिला जर्मनीचं सांगितलं, आणि एका बैठकीत उत्तर लिहून टाकलं. लेखणी अशी सुरसुर चालली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. सोमवारी सरांना नेऊन दिलं. सरांनी वाचलं, मग हरबंसला दिलं, आणि हरबंस बाकावर डोकं टेकवून हसायला लागला. "सर, फ्रांस पल्लू कहाँ से लाए?" याद्यांमध्ये मुलीचा बाप म्हणतो ना, आम्ही साधी माणसं, काही कमी-जास्त झालं तर पदरात घ्या, ते सगळं मी जसंच्या तसं हिंदीत घातलं होतं. 'आप बड़े लोग हैं, हमारी भूल-चूक अपने पल्लू में ले लीजिए, जैसा आप कहें वैसा होगा.' जर्मनीनं फ्रान्सला! तीन याद्या लिहून लिहून माझ्या बोटांना दुसरं काही येतच नव्हतं.

सर हसले नाहीत. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. "मैंने माफ़ी माँगने को तो नहीं बोला था," ते म्हणाले. "जितना उठा सकती हो, लिखो कि उठाएँगे. जो नहीं उठा सकती, लिखो कि नहीं उठाएँगे. और जिस बात में तुमसे पूछा ही नहीं, लिखो कि पूछा नहीं." मी मान खाली घालून उभी. पण वर्गात परत येऊन बसले तेव्हा मनाशी पक्कं केलं की आता असं लिहीन की हरबंसचं हसू घशात अडकेल. ईश्वरीला म्हटलं, बोरं बंद, आता काम. एकेक कलम घेऊन आम्ही दोघी बसलो. हे झेपेल, हे झेपणार नाही, हे आम्हाला विचारलं नाही. युद्धाचा सगळा दोष एकट्या जर्मनीचा, असं एक कलम होतं. ईश्वरी म्हणाली, "ए ला काबर मानबो?" हे कशाला मानायचं. तिनं तीन शनिवारांत राजकारणावर काढलेला हा पहिला उद्गार. मी तो लिहून घेतला.

गुरुवारी बाबांची सुट्टी होती आणि त्याच दिवशी याद्या ठरल्या. मुलाकडून त्याचे मोठे मामा आले. आयुष्यभर रेल्वेत गार्ड होते, सगळे त्यांना गार्डमामाच म्हणत. प्रभाकरला वडील नव्हते, घरात मामांचा शब्द चालायचा. सोबत दोन चुलते. आत माय आणि ताई पोहे करत होत्या. मी सतरंजीच्या कडेला पाट घेऊन बसले, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, वर श्रीगणेश लिहिला. गार्डमामा सांगू लागले. "वऱ्हाडासाठी दुर्गाहून बस." बाबा म्हणाले, "तुमी म्हणान तसं." "जेवणात बुंदी, दोन भाज्या." "तुमी म्हणान तसं." "मानाच्या टोप्या पाच." "तुमी म्हणान तसं." मी लिहीत होते. आणि मग मामांनी पान तोंडात एका गालावरून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, "लिही बाई. मुलगी लग्नाआधी नोकरीचा राजीनामा देईन."

बाबांच्या तोंडून शब्द फुटायच्या आतच माझा टाक थांबला. बाबांनी बोटं चोळली. मग तेच म्हणाले, पण फार हळू, "तुमी म्हणान तसं."

"कावून थांबली?" मामांनी मला विचारलं.

"हे मी नाई लिहीत."

"शकू, लिही," बाबा म्हणाले.

"ताईले कोणी इचारलं का?"

गार्डमामा हसले, रागावले नाहीत. "अवं, पोरीले यादीत कोन इचारते?"

"मंग तिच्या नोकरीचं यादीत कावून लिहून राह्यले?"

आतला कढईतला झाराही थांबला. बाबांनी मान वर केली नाही. शेवटी एक चुलते म्हणाले, बोलवा पोरीले, एकदाचं होऊन जाऊ द्या. ताई पोह्यांच्या बशा घेऊन दारात आली. मामांनी विचारलं. ताईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही, बाबांकडे बघितलं. "बाबा, मले नोकरी सोडाची नाई," ती म्हणाली, बशा खाली ठेवल्या आणि आत गेली.

मामांनी पोह्यांना हात लावला नाही. "आमच्या घरची सून बाहेर कामाले जात नाई. इचार करा. पुढच्या गुरुवारी येतो. गोंदियाकडची एक पोरगी आमच्या ध्यानात हाये," असं म्हणून चपला घातल्या. ते गेल्यावर मायनं मला धारेवर धरलं. "हात दाखवून अवलक्षण केलं न पोट्टे! कोनं सांगतलं होतं तुले तोंड खुपसाले? जमलेलं मोडलं तर दुसरं स्थळ कोन आणन?" बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. तेच मला जास्त लागलं. पोहे आम्ही दोन दिवस खाल्ले, तिसऱ्या दिवशी गाईला घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझी वेणी घालत होती. मी भीत भीत विचारलं, "राग आला का वं?" तिनं वेणीचा पहिला पेड घातला. मग म्हणाली, "मले तो मुलगा आवडला हाये, शकू." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी बघायला आला तेव्हा प्रभाकरनं तिला विचारलं होतं, वर्गात काय शिकवता. तिनं रंगवलेले चिंचोके दाखवले, आणि त्यानं ते हातात घेऊन मोजले होते. एवढंच. पण एवढं पुरतं. मी म्हटलं, "मंग नोकरी सोडशीन?" तिनं वेणीला असा हिसका दिला की डोळ्यांत पाणी आलं. "नाई. मले दोन्ही पाह्यजे. तुह्यासारखं एकच धरून बसाले मी काई जर्मनी नाई."

शनिवारी मी उत्तर वाचलं. इतका कोळसा देऊ, इतका नाही. ही जमीन सोडू, त्या जमिनीवरच्या माणसांना आधी विचारा. दोषाचं कलम मान्य नाही. हरबंस एकदाही हसला नाही, उलट उठून ओरडला, "हस्ताक्षर करो, नहीं तो फौज चलेगी!" सर घड्याळ बघत होते. इतिहासात सही झाली होती, तेव्हा आम्हालाही करावी लागली. मी सही केली, पण वर एक ओळ घातली: हमें सुने बिना लिखे गए काग़ज़ पर. सरांनी ती ओळ वर्गाला वाचून दाखवली. मग खडू टेबलावर ठेवून ते म्हणाले की त्यांचं गाव आता दुसऱ्या देशात आहे, आणि फाळणीची ती रेघ ज्या खोलीत ओढली गेली तिथं त्यांच्या गावचं कोणी नव्हतं. "हम भी बरामदे में थे," म्हणाले. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मला तेव्हा वाटलं की आपण हरलो. आजही वाटतं की हरलोच. पण पदर पसरून हरणं आणि पाय रोवून हरणं यात फरक आहे, आणि तो मला त्या शनिवारी कळला.

रविवारी बाबा अंगणात सायकल उलटी करून बसले होते. मी पंप धरून उभी. चार दिवसांत ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "त्या जर्मनीचं काय झालं?"

मी सांगितलं, सही करावी लागली.

"मंग येवढं लिहून काय फायदा?"

"लिहिलं तर राह्यते बाबा. कोणी म्हनू शकत नाई का आमी खुशीनं हो म्हटलं."

त्यांनी चाक फिरवलं, कान लावून ऐकलं. मग म्हणाले, "तुही आत्या, गंगी. तिच्या यादीच्या टायमाले मी तुह्याच येवढा होतो. पोरगी माहेरी धाडणार नाई, असं त्याइनं लिहून घेतलं. तुहा आजा हो म्हणला. मी कोपऱ्यात बसून होतो. तीन वर्सं आली नाई ती." मी काही बोलायच्या आतच त्यांनी हात पुढे केला. "पाना दे."

गुरुवार उजाडला तो मायच्या आदळआपटीनं. तिनं तरीही पाटोडी केली; भांडण असो नाही तर सोयरीक, पाहुणा उपाशी जाता कामा नये हा तिचा हट्ट. गार्डमामा आणि दोघे चुलते आले आणि या वेळी प्रभाकरही आला. याद्यांना मुलगा येत नाही, पण तो आला आणि सतरंजीच्या टोकाला गुमान बसला. मी पाट घेतला. बाबा मला उठवतील असं वाटत होतं, त्यांनी उठवलं नाही. मामांनी मागच्याच कागदावर पुढे लिही म्हणून सांगितलं. आवाजात या वेळी बरीच साय होती. "आमी बी माणसंच हावो. लेकरू होयपर्यंत करू द्या नोकरी. लेकरू झालं का सोडाची. लिही बाई."

मी बाबांकडे बघितलं.

"नाई," बाबा म्हणाले.

एवढाच शब्द. माझ्या बापाला मी त्याआधी कोणाला नाही म्हणताना ऐकलं नव्हतं, फोरमनला नाही, शेजाऱ्याला नाही, दारावरच्या भाजीवालीलासुद्धा नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मांडीवरचे हात घट्ट मुठीत होते. मामा उपरणं झटकून उठले. "चाल प्रभाकर." चुलतेही उठले. माय दारातून काकुळतीनं बाबांना खुणावत होती, थांबवा त्यांना, थांबवा. बाबा बसल्या जागेवरून हलले नाहीत. मामा दारापर्यंत गेले, चप्पल पायात सरकवली आणि मागे वळून बघितलं.

प्रभाकर उठलाच नव्हता. कान लालबुंद झाले होते, नजर सतरंजीत खिळलेली, पण बसून होता. मामांनी पुन्हा हाक मारली. तो म्हणाला, "मामाजी, पाटोडी झाली हाये म्हंते. जेवून जाऊ." मला हसू की रडू कळेना. गार्डमामा दारातच उभे. बाहेर लाइनीतली पोरं टायर फिरवत ओरडत गेली. मग त्यांनी चप्पल काढली आणि परत येऊन पहिल्याच जागी बसले. "लिही," ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "काय लिहाचं ते."

बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं: मुलगी नोकरी करीन, आणि सोडाची का नाई ते तीच ठरवीन. दोनच ओळी. माझं अक्षर इतकं वाकडं कधी आलं नव्हतं. मामांनी सही केली, मोठी, झोकदार. बाबांनी केली, एकेक अक्षर सुटं काढून. मी कागदाची घडी घालायला घेतली तर बाबांनी माझा हात धरला. आत तोंड करून हाक मारली, "विमल, ये. तू बी सही कर."

ताई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. गार्डमामांचा आवाज आता थकलेला होता. "अहो पाहुणे, पोरीची सही यादीवर कुठं असते का?"

"इथं," बाबा म्हणाले, आणि सरकून त्यांनी ताईला सतरंजीवर जागा करून दिली.